पहिलं माप पाहुण्याचं

गजभिये मॅडमना 'अचानक' या शब्दाचा भारी राग होता. विद्यार्थ्यानं रुग्णाची हकिकत लिहून आणली आणि त्यात 'रुग्णाला अचानक चक्कर आली' असं वाक्य सापडलं, की त्यांची लाल पेन्सिल नेमकी त्या शब्दावर उतरायची. त्या शब्द खोडत नसत. त्याच्याभोवती गोल काढून कागद परत द्यायच्या. पोरगं गोंधळून विचारायचं, "मॅडम, मग काय लिहू?"

"अचानक काही होत नसते गा. 'आम्ही तिकडं पाहून नव्हतो राहिलो', असं लिही."

असं कोणी लिहीत नसे, ही गोष्ट वेगळी. पण त्यांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी पुढे कुठंही डॉक्टर झाला, तरी तो शब्द लिहिताना त्याचं पेन क्षणभर अडखळत असणार, याची मला खात्री आहे. माझंही अडखळतं, आणि मी तर डॉक्टरही नाही.

नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. ठेंगणी, भरलेली अंगलट, सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज, आणि आवाज असा, की व्हरांड्याच्या पार टोकाला उभा असलेला मुलगाही खिशातले हात बाहेर काढायचा. मे महिन्यात स्कूटरवर निघताना त्यांच्या पर्समध्ये एक कांदा असायचा. ऊन लागू नये म्हणून. उष्माघाताचा धडा वर्गात त्याच शिकवत असल्यामुळे मुलांना याची फार गंमत वाटे. एकानं धीर करून विचारलं, "मॅडम, कांद्याला शास्त्रात काही आधार आहे का?"

"शास्त्रात नाही. माह्या मायनं दिला होता, एवढाच आधार आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला लागल्या.

विभागाच्या बैठकीत त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, इंग्रजीही बोलत. पण राग आला, हसू आलं किंवा कोणाचा जीव दुखतोय असं दिसलं, की कोराडीच्या कॉलनीतली त्यांची मूळची बोली बाहेर यायची. तीच त्यांना शोभायची.

मी त्यांच्या प्रकल्पात सहायक म्हणून लागले. काम मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. सतत काळजीत जगणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं, हे त्यांना मोजायचं होतं. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशीचा ताण त्यांना नको होता. तो येतो आणि उतरतो, त्यासाठी शरीर तयारच असतं. त्यांना हवा होता तो ज्याला सुट्टीच नसते असा ताण. त्यानं रक्तदाब वर जाऊन तिथंच मुक्काम ठोकतो का, साखर बिघडते का, कमरेचा घेर वाढतो का, झोप किती तुटते, हे सगळं घरोघरी जाऊन, पुन्हा पुन्हा जाऊन, पाहायचं.

त्यासाठी त्यांनी खापरखेड्याच्या बाजूची एक वस्ती निवडली होती. तिथले बरेचसे पुरुष औष्णिक वीज केंद्रात वेगवेगळ्या ठेकेदारांकडे रोजंदारीवर. काही महिन्यांनी गेटपास नवा करून घ्यावा लागे, आणि तो होईल की नाही हे शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला ठाऊक नसे. मोजायचं मात्र त्यांच्या बायकांचं. मी विचारलं, "मग पुरुषांचं मोजायचं ना? काम तर त्यांचं जातं."

"माणसाचं काम जाते ते त्याले एकदा कळते," मॅडम म्हणाल्या. "बाईले रोज कळते."

त्या असं का म्हणाल्या हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. एकदा वस्तीतून बसनं परतताना, खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक एकामागून एक चालले होते, आणि त्या त्यांच्याकडे बघत आपणहून बोलायला लागल्या. त्यांचे वडील कोळसा उतरवायच्या कामावर होते. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. वडील सायकलवरून कसे उतरतात ते पाहायला. टांग टाकून उतरले तर उद्या काम आहे. सायकल हातात धरून चालत आले तर नाही. मॅडम बारावीत असताना आई भांडी घासता घासता पडली आणि पुन्हा उठली नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अचानक झालं, काही करता आलं नसतं.

"ती कितीक वर्षांपासून रोज थोडी थोडी पडून राहिली होती वं," मॅडम म्हणाल्या. "आम्हाले शेवटचं तेवढं दिसलं."

मग कंडक्टर आला, आणि त्यांनी माझंही तिकीट काढलं.

मोजण्याच्या बाबतीत त्या कमालीच्या कडक होत्या. पहिल्या घरी मी मशीनचा पट्टा बाईंच्या दंडाला गुंडाळला, आकडा आला, मी लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"ते सोडून दे. पहिलं माप पाहुण्याचं असते. आपण घरात घुसलो, तिले चहाचं पडलं, भांडे तसेच पडून हायेत त्याचं पडलं. दुसरं आणि तिसरं घे. ते घरचं."

एक निवासी डॉक्टर काही दिवस आमच्याबरोबर यायचा. हुशार, पण घाईचा. त्याचे सगळे आकडे शून्यावर संपलेले. मॅडमनी कागद वरून खाली पाहिला आणि गोड आवाजात विचारलं, "काय गा, या वस्तीतल्या लोकाईचं रक्त दहा-दहाच्याच पायऱ्या चढते का?" पोरगा लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याला ती सगळी घरं पुन्हा फिरावी लागली, आणि मॅडमही त्याच्याबरोबर फिरल्या.

त्या देवमाणूस होत्या असं मात्र कोणी समजू नये. एखाद्यावर खप्पा मर्जी झाली की कारणाशिवाय महिनोन्‌महिने चालायची. अत्तर लावून येणारी मुलं त्यांना मुळीच खपत नसत. माझ्यावर त्या दोनदा इतक्या ओरडल्या होत्या, की मी राजीनामा लिहून ठेवला होता. दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी वांग्याची भाजी आणली. चूक कबूल करण्याची त्यांची तेवढीच पद्धत होती.

रक्तदाब घेण्याआधी बाईंनी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हा नियम होता. बोलायचं नाही, उठायचं नाही, घरातल्या कोणी हाक मारायची नाही. मॅडम दारात उभ्या राहून राखण करायच्या. सासू आली, नवरा आला, पोर आलं, सगळ्यांना तिथूनच परतवायच्या. सुरुवातीला बायका अवघडून बसायच्या. पुढे पुढे काहीजणी आमची वाट पाहू लागल्या. एकदा मी पट्टा काढला तर त्या बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "अजून थोडं बसू द्या नं म्याडम. आमच्या घरी चूप बसून कोन राहू देते?"

मॅडमनी त्यांना बसू दिलं. त्या दिवशी पुढची घरं राहून गेली.

खरी अडचण केसांची झाली. शरीर ताणात असलं की कॉर्टिसॉल नावाचं एक रसायन सोडतं, आणि त्याचा अंश केसांत उतरत राहतो. केस हळूहळू वाढतो, म्हणून मुळाकडच्या तुकड्यात मागच्या काही महिन्यांचा मागमूस मिळतो. रक्त त्या घडीचं सांगतं, केस मागचं सांगतो. मॅडमना म्हणून केस हवे होते. डोक्याच्या मागच्या बाजूची बारीकशी बट, अगदी मुळाजवळून कापलेली.

बायकांनी साफ नकार दिला. त्यांच्या पुढे देवकाबाई होत्या, वस्तीतली सगळ्यात जुनी म्हातारी. "रक्त घ्या, लघवी घ्या. केस कोनाले देत नसतात, बाई. केसावर करनी करते लोकं."

मी अंधश्रद्धेवर काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच मॅडम खाली पायरीवर बसल्या. देवकाबाईंकडे पाठ केली, अंबाडा सोडला आणि कात्री मागे धरली.

"आधी माह्ये कापा. तुमच्यापाशी ठेवा. मी तुमच्या केसाले काही केलं, तर तुम्ही माह्याले करा. मंग तर झालं?"

वस्ती जमा झाली. देवकाबाईंनी बराच विचार केला. सौदा त्यांना चोख वाटला असावा. त्यांनी कात्री घेतली. पण नजर अधू आणि हात थरथरता, त्यामुळे बटेऐवजी चांगली मूठभर केसांची जुडी हातात आली. बायका "अवो माय!" करत तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. मॅडमनी मागे हात लावून पाहिलं आणि त्याही हसत सुटल्या. त्या दिवसापासून वस्तीत कोणी केसांना नाही म्हटलं नाही. पुढे कित्येक आठवडे मॅडम डोक्यामागे रुपयाएवढं टक्कल घेऊन महाविद्यालयात फिरत होत्या. विभागप्रमुखांनी काळजीनं विचारलं, तर म्हणाल्या, "प्रकल्पाचा खर्च आहे, सर."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचेही थोडे तपासायला पाठवायचे होते."

"माह्यात काय निघन ते मले माहीत हाय," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथंच संपवला.

त्या वस्तीत कुसुम नावाची एक बाई होती. चाळिशीच्या आतली, काटक, तोंडानं फटकळ. नवरा ठेकेदाराकडे, सासू अंथरुणाला खिळलेली. कुसुमचा रक्तदाब प्रत्येक फेरीत चढलेला. पहिलं माप सोडा, तिसरंही चढलेलंच. आमच्या नियमाप्रमाणे आम्ही तिला दवाखान्याची चिठ्ठी दिली. पुढच्या फेरीत चिठ्ठी होती तिथंच. पुन्हा दिली. पुन्हा तेच.

"काहून नाही गेली वं?" मॅडमनी विचारलं.

"सासूले कोनापाशी ठेवू? कूस बदलली नाही तं पाठीले जखमा होतात. तुम्ही चिठ्ठ्या देऊन राहिल्या, बसाले मानूस द्या ना एखादा!"

रविवारी सकाळी मॅडमचा फोन आला, "तयार राहा." आम्ही कुसुमच्या घरी पोचलो तेव्हा मॅडमनी मला पर्स दिली आणि सांगितलं, "तू कुसुमसोबत दवाखान्यात जा. मी इथं बसतो." नागपूरकडच्या बायका कधी कधी अशा 'बसतो', 'येतो' म्हणतात. मॅडम फक्त मन लागलेलं असलं की म्हणायच्या.

दवाखान्यात गर्दी होती. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आम्ही दुपार कलल्यावर परतलो. तर सासूबाईंची अंघोळ झालेली, केस विंचरलेले, आणि दोघींचा जोरजोरात वाद चाललेला, वांग्याच्या भाजीत तीळ घालावेत की खसखस. दारात शेजारच्या चार-पाच जणी खजील चेहऱ्यानं उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हातारीला अंघोळ घालतात हे त्यांनी पाहिलं होतं.

"तुम्ही कायले, म्याडम," त्यातली एक म्हणाली. "आम्ही बसलो असतो नं. हिनं कधी सांगतलंच नाही."

"मी कायले सांगू?" कुसुम फणकारली. "तुमच्या घरी का कमी हाय?"

पण त्या दिवसानंतर त्यांनी पाळ्या लावल्या. कुसुमपासून सुरू झालं, मग ज्या ज्या घरी कोणी पडून होतं त्या घरी. दुपारचा थोडा वेळ एकीनं बसायचं, दुसरीनं बाहेर पडायचं. दवाखाना, बाजार, बुद्धविहार, नाहीतर नुसतं आईकडे.

बसमध्ये बसल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "कुसुमचं घर काढून टाक."

"म्हणजे?"

"हिशोबातून. आपण नुसतं पाहाले गेलो होतो. आता आपण हात घातला. आता तिचं माप आपलं नाही."

काही महिन्यांत कुसुमचा रक्तदाब खाली आला. झोप सुधारली. माझ्या हातात इतका सुंदर आकडा कधी आला नव्हता, आणि तो आमच्या कामात कुठंच धरायचा नव्हता. पाळ्या पसरत गेल्या तशी एकेक घर यादीतून गळत गेलं. मॅडम स्वतःच्या हातानं काढत होत्या. मी एकदा चिडून म्हटलं, "अशानं आपल्याकडे काही उरणार नाही." त्या म्हणाल्या, "हो वं, तेच पाहून राहिली."

आढाव्याच्या बैठकीला बाहेरून तज्ज्ञ आले. त्यांतले जे मुख्य होते ते सभ्य गृहस्थ होते, आवाज न चढवता बोलणारे. मी मागच्या खुर्चीवर कागद सांभाळत होते.

"मॅडम, चांगला अभ्यास होता," ते म्हणाले. "तुम्ही मोजायला गेला होता की सेवा करायला?"

"मोजायलाच गेले होते, सर. मोजल्यावर कळलं. कळल्यावर ते तसंच ठेवून यायचं होतं का?"

मग त्यांनी खरोखर मदतीच्या भावनेनं एक वाट सुचवली. या पाळ्यांमुळे ज्या बायका सुधारल्या त्यांचेच आकडे पुढे ठेवा. फरक ठळक आहे. त्यावर पुढचा निधी मिळू शकेल.

मॅडमनी मान हलवली. "ज्या घरी आम्ही गेलो ती घरं आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. जिथं जीव गुंतला तिथं गेलो. गोळ्यांनी उतरलं, पाळ्यांनी उतरलं, की आम्ही येतो म्हणून उतरलं, मला सांगता येणार नाही. न सांगता येणारं मी लिहिणार नाही."

निधी वाढला नाही. उरलेल्या घरांवरून अहवाल झाला. त्यात मॅडमनी स्पष्ट लिहिलं, की संख्या कमी असल्यामुळे ठाम काही म्हणता येत नाही. तो एका लहानशा नियतकालिकात आला आणि कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

बैठकीनंतर आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावर तर्री-पोह्यांची गाडी होती. मॅडमनी दोन प्लेटी सांगितल्या, स्वतःच्या प्लेटीत आणखी तर्री ओतून घेतली आणि खाता खाता थांबल्या.

"मले त्याले इंग्रजीत जे म्हणाचं होतं, ते आता आठवून राहिलं!" असं म्हणून त्या स्वतःवर भयंकर चिडल्या.

प्रकल्प संपल्यावर काही कागद द्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. त्यांच्या घरी आजारपण आहे एवढं विभागात सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे त्या कोणाला जाऊ देत नसत. त्यांचे यजमान, गजभिये सर, शाळेत भूगोल शिकवायचे. लकव्यानं त्यांची एक बाजू कित्येक वर्षांपूर्वी गेली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. दिवसा एक बाई असायची, ती मॅडम घरी आल्या की निघून जायची. मी पोचले तेव्हा मॅडम त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. व्हरांडा हलवणारा तो आवाज तिथं नव्हता. त्या इतक्या हळू बोलत होत्या, की मला दारातच परत फिरावंसं वाटलं. त्या पाणी आणायला उठल्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, वाटी द्या, मी भरवते."

"राहू दे वं. मले सवय हाय."

हे मी कुसुमला फोनवर सांगितलं. सहज सांगितलं, की मनात काही होतं म्हणून, ते आता मलाही सांगता येणार नाही. पुढच्याच आठवड्यात कुसुम खापरखेड्याहून बसनं आली आणि मॅडमच्या दारात उभी राहिली. मॅडम संतापल्या. "तुले कोनी सांगतलं इथं याले?"

कुसुम त्यांना वळसा घालून सरळ आत गेली. "सरले पानी कसं पाजता ते दाखवा. मंग तुम्ही जा."

"कुठं जाऊ?"

"ते मले काय माहीत? मी कधी कुठं गेली होती का, मले विचारून राहिल्या!"

ही हकिकत मॅडमनीच मला नंतर हसत हसत सांगितली. पर्स घेऊन त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि त्यांना खरंच सुचेना, जायचं कुठं. शेवटी बँकेत गेल्या. काही काम नव्हतं. रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर परत फिरल्या. पुढच्या खेपेला गांधीबागेत जाऊन एक साडी पाहून आल्या, घेतली नाही. पुढे कधी कुसुम यायची, कधी वस्तीतली दुसरी कोणी. मॅडमनी भाडं देऊ केलं तर कुसुम म्हणाली, "तुम्ही आमचं मोजत होत्या तवा आम्ही काही मांगतलं होतं का?"

मला चंद्रपूरला नोकरी लागली आणि मी नागपूर सोडलं. सर गेले ते मला फोनवर कळलं. त्यानंतर मॅडम भिलाईला मुलीकडे राहायला गेल्या, आता तिथंच असतात. फोनवर आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे. प्रत्यक्ष भेट मात्र झालेली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सर असतानाच, कुसुम आणि वस्तीतल्या बायका पाळीनं येत होत्या तेव्हा. थंडीचे दिवस होते. ऑफिसच्या कामासाठी नागपूरला आले होते, काम लवकर उरकलं आणि गाडीला वेळ होता म्हणून अंबाझरीच्या बागेत शिरले. भर दुपार, ऊन छान पडलेलं. एका बाकावर कोणीतरी बाई अंगाभोवती पदर नीट घेऊन आडवी झाली होती. पांढरे स्पोर्ट शूज बाकाखाली जोडीनं ठेवलेले. मी जवळ गेले. मॅडम होत्या. पर्स उशाला, एक हात खाली लोंबकळत, तोंड थोडं उघडं. घोरत होत्या. आजूबाजूला मुलं ओरडत होती, झोके करकरत होते, फुगेवाला पिपाणी वाजवत गेला, पण त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

मी उठवलं नाही. समोरच्या बाकावर थोडा वेळ बसले आणि गाडीची वेळ झाल्यावर निघाले. फाटकातून वळून पाहिलं. माळी वाळलेली पानं झाडत झाडत त्यांच्या बाकापर्यंत आला होता. तो थांबला, त्यानं खराटा उचलला, आणि तेवढी जागा तशीच सोडून पुढे झाडायला लागला.